शेळीला आग्रह करू नये

पहिल्या भेटीत माणसं हात मिळवतात. काकांनी माझी पाठ धरली.

कॅल्गरीच्या डाउनटाउनमधल्या पाइपलाइन कंपनीत मी नुकताच लागलो होतो. ऑफिसच्या किचनमध्ये कॉफीच्या मशीनशी माझी झटापट चालली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना बोटं दाबली. भाजीवाल्याकडे आपण वांगं दाबून बघतो, तशी. दचकून वळलो तर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ, अंगात स्वेटर, स्वेटरवर गवताच्या काड्या.

‘साडेतीन,’ ते शुद्ध मराठीत म्हणाले. ‘आणि चारकडे निघालायस. बायको बरोबर आणलेली दिसतेय.’

मी मराठी आहे हे त्यांना माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीवरून कळलं होतं. बाकीचं पाठीवरून.

शेळ्या पाळणारे लोक शेळीची तब्येत डोळ्यांनी बघत नाहीत, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. हिवाळ्यात तिच्या अंगावर इतकी लव येते की आतून खंगलेली शेळीसुद्धा बाहेरून गुबगुबीत दिसते. म्हणून पाठीवर हात ठेवायचा, कणा हाताला किती लागतो ते बघायचं आणि एक ते पाचमध्ये गुण द्यायचे. एक म्हणजे वाचली तर नशीब. पाच म्हणजे मालक मूर्ख. ‘माणसांचंही तेच आहे लेका,’ काका म्हणत. ‘इथे जो तो जाकिटात. आत काय चाललंय ते हात लावल्याशिवाय कळत नाही.’

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते प्रसादाच्या रांगेतून फिरत आणि ओळखीच्या पुरुषांना गुण वाटत. बायकांना ते अर्थातच हात लावत नसत. लांबून बघून गुण मनात ठेवत. पण मनात ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे काका हॉलमध्ये शिरले की कितीतरी बायकांना एकदम थंडी वाजायला लागे आणि काढलेले कोट पुन्हा अंगावर चढत. एकदा त्यांनी आमच्या कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटचीही पाठ दाबली होती. त्या भल्या माणसाला वाटलं, हा आपल्याकडचा आशीर्वादाचा प्रकार असावा. त्यानंतर काका लिफ्टमध्ये भेटले की तो आपण होऊन पाठ करून उभा राहायचा.

काका मूळचे माणदेशातले, शाळामास्तरांचे चिरंजीव. लोकांना वाटे, शेळ्यांचं वेड लहानपणापासूनच असणार. ते म्हणत, ‘छे! आमच्या घरी शेळी म्हणजे दुसऱ्याची. आमच्या कुंपणात घुसलेली. तिला हाकलण्यातच माझं बालपण गेलं.’ शेळी पाळायला ते कॅनडात शिकले, तेही पन्नाशी उलटल्यावर, लायब्ररीतल्या पुस्तकांवरून आणि शेजारच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारून. शहराच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर त्यांनी घर आणि थोडी जमीन घेतली होती. तिथे या दुभत्या शेळ्या होत्या आणि त्यांची नावं आपल्या नद्यांची होती. कृष्णा, नीरा, वारणा. कळपाची म्होरकी कोयना, दांडगी आणि दुधाला भरपूर. आणि येरळा. ती नावाला जागून वर्षातले थोडेच महिने वाहायची आणि आता म्हातारपणी पार कोरडी पडली होती.

कुठल्याही पार्टीत, विषय हॉकीचा असो की इमिग्रेशनचा, काकांचा एक प्रश्न ठरलेला असे.

‘टंचाईत शेळी काय करते?’

नवखा माणूस काहीतरी उत्तर द्यायला जाई. जुने लोक हळूच समोशांच्या टेबलाकडे सरकत.

‘ओरडत नाही,’ काका बोट मोडत. ‘पहिल्यांदा दूध कमी करते. मालक काय म्हणेल याचा विचार करत नाही. मग अंगावरची चरबी काढते, पण बेताबेतानं. आणि तिसरं म्हणजे, जे कुणी खात नाही ते खाऊन बघते. गाय समोर येईल ते खाते. मेंढी पुढची मेंढी खाईल ते खाते. शेळी निवडते. टंचाईतसुद्धा निवडते! आणि आपण? आपण ऑल यू कॅन ईटला जातो.’

हे ते लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणात, यजमानांच्या समोर बोलत.

त्यांच्या घरी आग्रह नावाची गोष्टच नव्हती. ‘आग्रह हा भरल्या कोठाराचा खेळ आहे,’ असं म्हणून ते पाहुण्याच्या ताटात एकदाच आणि मोजकं वाढत. पाहुणा हात आडवा करायच्या तयारीत बसलेला असे, आणि त्याच्यावर हात आडवा करायची वेळच येत नसे. माझ्यासारख्याची फार पंचाईत व्हायची, कारण मला ‘नको नको’ म्हणत तिसऱ्यांदा भात घ्यायची घरची शिकवण. पण काकांची पाठ वळली की काकू एक अक्षर न बोलता माझ्या वाटीत आमटी ओतत. मी साडेतीनवरून खाली का येत नाही, याचं काकांना शेवटपर्यंत कोडं होतं.

काकू साताऱ्याच्या. चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. शेळ्यांबद्दल त्यांचं मत सगळ्या मंडळाला माहीत होतं. त्यांचा मुलगा बर्नाबीला, म्हणजे डोंगरांपलीकडे पश्चिम किनाऱ्यावर, एका उंच कॉन्डोत राहायचा. तिथे स्नो शोव्हल करायला लागत नाही, विंटर टायर लागत नाहीत, खिडकीतून डोंगर दिसतो आणि डोंगरावरून कुणी बें बें करत नाही. हे वर्णन काकू इतक्या हळुवारपणे करत की मला स्वतःला दोनदा बर्नाबीत नोकरीसाठी अप्लाय करावंसं वाटलं.

मग दोन हजार नऊ साल आलं.

त्या वर्षी दोन टंचाया एकदम आल्या. ऑफिसात तेलाचे भाव पडल्यामुळे लेऑफ सुरू झाले आणि बाहेर पाऊस पडेना. पहिली फेरी झाल्यावर आम्ही सगळे उशिरापर्यंत बसायला लागलो. आपल्यावाचून कंपनीचं पान हलत नाही हे कंपनीला दिसावं म्हणून. काका मात्र चारच्या ठोक्याला जाकीट चढवत. ‘टंचाईत दूध आटवावं,’ ते जाता जाता माझ्या कानाशी म्हणत. दुसऱ्या फेरीत ते गेले. हसत गेले, वाटेत सिक्युरिटी गार्डची पाठ बघून. मी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत दूध देत राहिलो आणि तिसऱ्या फेरीत गेलो. तत्त्वज्ञान दोन, निकाल एकच. फक्त त्यांची झोप पुरी झालेली होती.

घरी बसून मी बायकोच्या किचनमध्ये सुधारणा सुचवायला लागलो, तेव्हा तिनेच काकांना फोन केला. ‘काका, यांना काहीतरी काम द्या हो. कसलंही.’ असा मी शेळ्यांकडे लागलो.

जुलैअखेर आजूबाजूची कुरणं पापडासारखी झाली होती. गवताची कापणी दरवर्षीच्या मानाने जेमतेम. ज्याच्याकडे गठ्ठे होते तो ते सोन्याच्या भावाने विकत होता आणि हिवाळा इथला, म्हणजे निम्मं वर्ष. कॅल्गरीत गवत उन्हाळ्यात खायचं नसतं, उन्हाळ्यात साठवायचं असतं. शेजारचा शेतकरी आजोबांपासून त्याच जमिनीवर राहिलेला, उंचपुरा, टोपी न काढणारा माणूस. तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, ‘सेल हाफ बिफोर द स्नो.’

‘सगळ्याच विका,’ काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

त्या दिवशी जेवताना, माझ्यासमोर, त्यांचा करार झाला. काकूंनी ताटात हात तसाच ठेवून, आवाज न चढवता सांगितलं, ‘ऐका. या हिवाळ्यात एक जरी शेळी गेली, तर उरलेल्या विकायच्या, हे घर विकायचं आणि बर्नाबीला जायचं. एकही नाही गेली, तर मी पुन्हा बर्नाबीचं नाव काढणार नाही.’

‘मंजूर,’ काका म्हणाले. ‘ऐकलंस ना रे? तू साक्षीदार.’

मी आमटीत तोंड घातलं.

शहाण्या माणसाने अशा वेळी जे करायचं ते काकांनी केलं. जास्तीचे बोकड आणि नव्या पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या माद्या, विकून टाकल्या, दुभत्या तेवढ्या ठेवल्या. सर्वांत आधी विकायला हवी होती ती येरळा. दूध नाही, दात झिजलेले, हिवाळ्यात सर्वांत आधी जाणारी तीच. हे काकाच मला दोन वर्षं शिकवत होते. पण तिला न्यायला माणूस आला तेव्हा काका म्हणाले, ‘ती नाही. ती माझा थर्मामीटर आहे. गोठा गार पडला की पहिल्यांदा ती कापते. मला कळतं.’

‘भिंतीवर आहे की एक,’ काकू म्हणाल्या.

‘तो बिघडलाय.’

तो बिघडलेला नव्हता. मी बघून आलो.

ऑगस्टभर आम्ही दोघं पाला तोडत फिरलो. विलोच्या, पॉपलरच्या हिरव्या डहाळ्या तोडायच्या, जुड्या बांधायच्या आणि गोठ्याच्या आढ्याला उलट्या टांगून सावलीत वाळवायच्या. हिवाळ्यात शेळीला हा पाला गवताइतकाच गोड लागतो. रस्त्याच्या कडेला मी शिडीवर आणि खाली काका, ‘अरे कोवळ्या, कोवळ्या! लाकूड काय तू खाणारेस?’ असं ओरडतायत. येणारीजाणारी पिकअप थांबवून कुणी तरी विचारी, ‘एव्हरीथिंग ओके?’ इंजिनियरिंगची पदवी घेतल्यापासून इतक्या उपयोगाचं काम मी केलं नव्हतं, आणि बायकोने भारतात फोनवर सांगताना त्याला ‘कन्सल्टिंग’ म्हटलं.

बर्फ पडला. शेळ्या गाभण होत्या, दूध आटवलेलं होतं. गोठ्यातल्या लेंड्या आणि पेंढा काका उपसू देत नसत. वर वर नवा पेंढा पसरत. खालचा थर कुजतो, त्याची ऊब वर येते. कडाक्याच्या दिवशी गवत जास्त, कारण चघळल्यानेच शेळीच्या पोटात शेगडी पेटते. थंडी जरा मवाळ असली की पाला आणि पेंढा. पाणी कोमट, कारण गार पाणी प्यायली की ते तापवायला तिला अंगातली चरबी जाळावी लागते. हे कोमट पाणी स्वयंपाकघरातून बादल्या भरभरून जायचं. कोण नेत होतं याकडे माझं तेव्हा लक्ष नव्हतं. काकांचंही नसावं. काका सिद्धान्त सांगत असत, आणि त्या वेळी बादली आपोआप आलेली असे. ‘ये गं, या गं बायांनो’ अशी हाक ऐकू यायची आणि शेळ्या एकमेकींना ढकलत दाराशी धावायच्या.

ख्रिसमस झाला की लोक सजवलेली झाडं घरातून काढून रस्त्याच्या कडेला टाकतात. काकांच्या दृष्टीने तो शहराने घातलेला चारा होता. पिकअपला ट्रेलर जोडून ते गल्ल्यागल्ल्यांतून फिरत, झाडावर रंगाचा फवारा मारलेला नाही ना, चमकी अडकलेली नाही ना, हे भिंगातून बघावं तसं बघत आणि झाड उचलत. एके सकाळी ते आमच्या गल्लीत उगवले.

‘अहो,’ पडद्याआडून बायको म्हणाली, ‘ते समोरच्यांचं झाड उचलतायत. समोरची बाई बघतेय. आता आपल्याकडे बघून हात करतायत. करू नका! हात करू नका तुम्ही!’

मी तोवर हात केला होता. समोरच्या बाईने आम्हाला दोघांनाही हात केला. पुढच्या वर्षी तिने झाड आमच्याच दारात आणून ठेवलं.

सासूबाई त्या हिवाळ्यात नाशिकहून आमच्याकडे आलेल्या होत्या. प्रेमळ, कर्तबगार बाई. त्यांना कॅनडाची एकच गोष्ट खुपत होती, ती थंडी नव्हे. गोग्रास. जेवायच्या आधी पानातला पहिला घास गायीसाठी बाजूला काढायचा हा त्यांचा जन्माचा नेम, आणि इथे तो घास घेऊन जायचं कुठे? पहिले काही दिवस त्यांनी तो बाल्कनीत ठेवला. तिथे तो गोठला. मॅगपाय पक्षी येऊन त्याला चोची मारून गेले. ‘पुण्य कुणाच्या नावावर जमा होतंय कोण जाणे,’ असं म्हणून त्यांनी घास ठेवणं सोडलं, पण जेवताना त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाला मिळालेल्या हॉलचं हीटिंग बिघडलं. काकू म्हणाल्या, आमच्याकडे या. अख्खं मंडळ गाड्या घेऊन काकांच्या घरी आलं. सासूबाईंनी गुळपोळ्यांची चळत करून आणली होती. काका नव्हते. शेजाऱ्याबरोबर पिकअप घेऊन झाडं आणायला गेले होते. ही त्यांची रीत होती. मंडळ घरी येणार म्हटलं की त्यांना झाडं आठवत.

बायकांचं वाण लुटून झालं. मग कुणीतरी म्हणालं, शेळ्या बघू या. सासूबाई शाल आणि माझं स्कीचं जाकीट घालून गोठ्यात गेल्या. कोयनेने गजांतून तोंड बाहेर काढलं. लव वाढलेली, पण सासूबाईंचा हात जुना होता, लहानपणी गोठ्यात सरावलेला. त्यांनी तिच्या पाठीवरून तो फिरवला आणि कळवळल्या.

‘अगं बाई! कणा लागतोय हिचा. गाभण जनावर आणि उपाशी?’

त्यांनी एक पोळी मोडून दिली. कोयनेने ती ज्या वेगाने घेतली त्यावरून त्यांचं निदान पक्कं झालं. आणि मग त्यांना सुचलं. ‘गाय नाही तर नाही. चतुष्पाद आहे, दुभती आहे. आज संक्रांत. पोळी आणा गं.’

बघता बघता रांग लागली. जाडजूड पार्का कोट, टोप्या, काळ्या साड्यांखाली बर्फाचे बूट. जो तो आपल्या घराच्या नावाने एक एक पोळी देतोय, कोयनेच्या कपाळाला हात लावून नमस्कार करतोय आणि पुढे सरकतोय. कितीतरी वर्षांत कुणाला हे मिळालं नव्हतं. एक रिझर्व्हॉयर इंजिनियर डोळे पुसत होता. इतर शेळ्या तोंड पुढे करायच्या, पण कोयना म्होरकी. ती त्यांना शिंगांनी बाजूला सारायची. ‘घे गं बाई, अजून एक. माझ्या खातर!’ असा आग्रह चालला होता. त्या घरात असा आग्रह पहिल्यांदाच होत होता. माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा ते रिकामं होतं, आणि गुळपोळी चुकल्याचं मला मनापासून वाईट वाटलं. कोयनेसाठी नव्हे, माझ्यासाठी.

चहा होईपर्यंत काका आले. गोठ्यात गेले आणि तिथूनच त्यांची हाक आली. हाक नेहमीची नव्हती.

आम्ही धावलो. कोयना कोपऱ्यात उभी होती. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली, मान खाली, दात कराकरा वाजतायत. रवंथ बंद.

‘काय घातलंत?’ काका म्हणाले.

शेवटी सासूबाई पुढे झाल्या. ‘गोग्रास दिला हो.’

‘किती?’

‘ज्याचा त्याच्या नावाचा.’

काकांनी भरलेल्या गोठ्याकडे, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे, एकदा बघितलं. हिशेब त्यांना करावा लागला नाही. महिनोन्महिने पाल्यावर आणि पेंढ्यावर जगलेल्या पोटात एकदम कणीक, गूळ आणि तूप गेलं की आत सगळं आंबतं, आणि त्याने शेळी दिवस मावळायच्या आत मरू शकते. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, पार्टीत, समोशांच्या टेबलापाशी. आणि हे सगळं माहीत असलेला माणूस गवताच्या गठ्ठ्यावर बसला आणि बसूनच राहिला. हात गुडघ्यांवर.

शेजाऱ्याने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. रस्त्यावर बर्फ साचलेला, डॉक्टरीणबाईंना यायला वेळ लागणार. तोवर पाण्यातून सोडा पाजा आणि चालती ठेवा, बसू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

‘सोडा?’ शेजारी म्हणाला.

काकू तोपर्यंत घरात जाऊन आल्याही होत्या. काळी चंद्रकळा, वर काकांचा पार्का, एका हातात ढोकळ्याच्या सोड्याचा डबा आणि दुसऱ्या हातात मेपल सिरपच्या रिकाम्या बाटलीत कालवलेलं पाणी. त्यांनी साडीचा ओचा वर खोचला, कोयनेला दोन्ही गुडघ्यांत धरलं, हनुवटी उचलली आणि जबड्याच्या कडेने थोडं थोडं, ठसका लागू न देता, पाणी सोडलं. चष्मा वाफेने पांढरा झालेला. मग गळ्यात दोरी अडकवून तिला बाहेर काढलं आणि शोव्हल केलेल्या वाटेवर गोल फिरवायला लागल्या.

एक फेरी, दुसरी फेरी. मागून माझी बायको डावी कूस चोळत होती. तिच्या मागे सासूबाई, काहीतरी स्तोत्र पुटपुटत.

‘मला वाटलं उपाशी आहेत हो,’ सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

‘उपाशी नाहीत,’ काकू न थांबता म्हणाल्या. ‘बेतात आहेत.’

माझ्या बायकोला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, ‘काकू, पण समजा नाहीच वाचली, तर तुमचं बर्नाबी...’

काकू थांबल्या. सबंध मंडळ ऐकत होतं.

‘जिंकायचंय मला,’ त्या म्हणाल्या. ‘पण थंडीनं हरवून जिंकेन. गुळपोळीनं नाही. चल गं, ओढ पाय!’

शेवटचं वाक्य कोयनेला होतं, पण पाय दोघींनीही ओढला.

उन्हं कलली. लोक आळीपाळीने फिरले, काकूंनी दोरी मात्र कुणाला दिली नाही. डॉक्टरीणबाईंची गाडी वळणावर दिसायला आणि कोयनेने ढेकर द्यायला एकच गाठ पडली. तो ढेकर मी जन्मात विसरणार नाही. आंबूस, घनगंभीर आणि लांबलचक. कूस हळूहळू खाली बसली. त्यामागून दुसरा आला. सासूबाईंचा चेहरा त्याही परिस्थितीत उजळला. त्यांच्या लेखी गोग्रास पावला होता. थोड्या वेळाने कोयनेचा जबडा डावीउजवीकडे हलायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि विचारलं, ‘हू वॉक्ड हर?’

काकांनी गठ्ठ्यावरून बसल्या बसल्या काकूंकडे बोट दाखवलं.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये पाला संपला, झाडं संपली. शेवटचे गठ्ठे काका आपल्या हाताने सुटे करत आणि काडी न काडी पुढे घालत. सिद्धान्त सांगणं त्यांनी का कोण जाणे बंद केलं होतं. त्याऐवजी ते बादल्या उचलायला लागले होते. एप्रिलमध्ये शेळ्या व्यायल्या. कोयनेला दोन करडं झाली, दोन्ही धडधाकट. एकही शेळी गेली नाही. येरळासुद्धा नाही. ती सबंध हिवाळा मन लावून कापत राहिली आणि जगली.

मे महिन्यात पाऊस आला आणि असा आला की कुरण आठवड्यात घोट्याएवढं झालं. काकू शब्दाच्या पक्क्या. बर्नाबीचं नाव त्यांनी काढलं नाही. मुलाचा फोन आला तर ‘तुमच्याकडे’ असं म्हणत.

नाव काढलं ते काकांनी. एके दिवशी कुंपण दुरुस्त करताना मला म्हणाले, ‘शेळ्या शेजारी घेतोय. सगळ्या. येरळाही घे म्हटलं, तर तो म्हणाला, ऑफ कोर्स. आम्ही जूनअखेर निघतोय.’

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला. ‘अहो काका, तुम्ही तर जिंकलात!’

‘म्हणून तर. चाऱ्याच्या टंचाईत नव्या कळपात घातलं तर शेळ्या एकमेकींना मारतात. भरल्या कुरणात नाही मारत. सोडायच्या तर आत्ताच.’ एवढं बोलून ते खिळा शोधायला लागले. खिळा त्यांच्या तोंडातच होता. तो काढून म्हणाले, ‘आणि जिंकलं कोण रे? हिवाळा काढला कुणी? त्या दिवशी माझे पाय उठलेच नाहीत.’

‘काकूंना सांगितलंत?’

‘सांगितलं. चिडलीय.’

काकू खरंच चिडल्या होत्या. ‘मला कुणी विचारलं?’ त्या भांडी बांधता बांधता माझ्या बायकोला म्हणत होत्या. ‘इतकी वर्षं म्हणत होते तेव्हा ऐकलं नाही. आता कोयनेची करडं कुठे उड्या मारायला लागलीयत, तर यांना बर्नाबी सुचलंय!’

निघायच्या दिवशी आम्ही निरोप द्यायला गेलो. गाडी भरलेली, काका स्टिअरिंगवर बसलेले. काकू कुंपणापाशी शेजाऱ्याला हाक मारायला शिकवत होत्या. तो सहा फुटी माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. पहिल्यांदाच मी त्याचं टक्कल बघितलं.

‘ये गं,’ काकू म्हणाल्या.

‘येग.’

‘नो, नो. नॉट ट्रॅक्टर. सॉफ्टली. ये गं, या गं बायांनो.’

‘येग, याग... बायनो,’ शेजारी घसा साफ करून म्हणाला आणि लाजला.

कुरणाच्या पार टोकाला शेळ्या चरत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. त्याने पुन्हा हाक दिली. काही नाही.

‘अगं, आवर,’ काका गाडीतून म्हणाले. ‘अंधाराच्या आत डोंगर ओलांडायचेत.’

‘थांबा हो. एक तरी येऊ दे.’ आणि काकूंनी स्वतः हाक मारली. हिवाळाभर जी ऐकून सगळा कळप दाराशी धावत यायचा, तीच हाक, त्याच आवाजात. कोयनेने मान उचलली. येरळानेही उचलली. दोघींनी चघळता चघळता आमच्याकडे नीट बघितलं, आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

शेजारी ओशाळला. मला वाटलं, आता काकू रडणार. बायकोने माझा हात धरला.

काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि कुरणाकडे बराच वेळ बघितलं.

‘नाही येत,’ त्या म्हणाल्या. ‘पोटं भरलीयत.’

आणि गाडीत जाऊन बसल्या.